रुमालाखालची बोटं

वाचनालयातनं आणलेल्या कादंबरीला मुखपृष्ठ नाही,
खाकी पुठ्ठा, वर शाईनं टाकलेला नंबर.
आतला सावकार रोज तिन्हीसांजेला
कोठारात दिवा लावून येतो.
कोठारात दाणा नाही.
गावाला फटीतनं उजेड दिसतो,
गाव म्हणतं, मोजणी चालू असणार.

तेलासाठी तो बायकोच्या पाटल्या मोडतो.
तिथं मी हसले. एकटीच, मोठ्यानं.
गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं.

पुढच्या पानावर त्याची मुलगी विचारते,
'एक दिवस अंधारात बसलो तर काय होईल?'
सावकार उत्तर देत नाही.
समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय:
माझे थोरले दीर असेच.

मग मला हळद आठवली.

हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं त्या साली
अण्णांची सातशे पोती जमिनीच्या पोटात कुजली.
पेव उघडलं तर आतनं आंबूस वाफ आली,
आणि अण्णा दुसऱ्या दिवशी
इस्त्रीचा सदरा घालून सौद्याला गेले.
रुमालाखाली हात घातला,
बोटं दाबली, भाव केला,
जो माल उचलायची ऐपत नव्हती त्याचा.
तोंडावरची रेघ हलली नाही.
'पेठेत बोटं बोलतात, चेहरा नाही,'
लहानपणी शिकवलं होतं मला,
ताटाशेजारी, ओल्या पंचाखाली
माझी बोटं मोजत.

अण्णांचा दिवा मला कळतो.
माझा सांगायचा राहिलाय.

माझ्या लग्नाला आठ दिवस होते.
बाबालाल मुजावर आला.
आमच्या अडतीत तीस वर्षं हमाली केलेला,
पाठीला पोत्याचा बाक,
कानाच्या पाळीत कायमची पिवळी धूळ.
उंबऱ्याबाहेरच थांबून त्यानं पाकीट पुढं केलं.
'ताई, हे तुमचं...'
वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही.
घरात त्या आठवड्यात तूरडाळसुद्धा उधारीची,
आणि मी, एकवीस वर्षांची, म्हणाले,
'हमालांकडनं घ्यायची वेळ नाही आली अजून आमच्यावर.'

हमाल हा शब्द मी निवडून घेतला होता,
वाण्यानं वजनमाप निवडावं तसा.
कालपर्यंत मी त्याला काका म्हणत होते.

रात्री अण्णा म्हणाले,
त्याच्या पोरीच्या ऑपरेशनला मीच दिले होते,
फेडायला आला असेल.
आणि कूस बदलून झोपले.

कादंबरीत सावकाराचं घर शेवटी
त्याच दिव्यानं पेटतं.
लिहिणाऱ्याला शेवट लागतो.
आमच्यात काही पेटलं नाही.
अडत विकली, मी मिरजेत नांदले,
फ्लॅट झाला, पाटल्या परत झाल्या,
आणि ते एक वाक्य तसंच पडून राहिलं,
बिनव्याजी,
पण मुद्दलातनं पैसा कमी होईना.

परवा गेले त्याच्याकडं.
ऐंशीच्या पुढचा, नीट दिसत नाही.
भडंगाचा पुडा नेला होता,
दात नसतील हे ध्यानातच आलं नाही.
हात हातात घेतला तर त्यानं
खांद्यावरचा टॉवेल वरनं टाकला
आणि माझी बोटं चाचपली, हळूहळू,
तीस वर्षं बाजूला उभं राहून बघितल्यागत.
'बोला, कितीला देताय?'
नातवंडं हसली, मीही हसले,
आणि टॉवेलाखालीच पाकिटाचं काढलं.

'कसलं पाकीट? नाय आठवत ब्वा.'

मी त्याच्याकडं बघत राहिले.
तोंडावरची रेघ हलली नाही.

पुस्तक सहा दिवस उशिरा परत केलं.
दंड सहा रुपये.
समासात, त्या थोरल्या दिरांच्या खाली,
मीही काहीतरी लिहिलं होतं,
मग खोडलं.
खोडल्याचं दिसतंय.