तांब्याचा भाव

बोहरी आळीतला फिदाअली तराजूला हात न लावताच म्हणाला,
"रतलामागे दोन आणे वर.
विलायतेत आरमार वाढतंय."

आबाजी करड्यांनी समुद्र पाहिला नव्हता.
पाणी म्हणजे मुठेचं,
नाहीतर कात्रजहून हौदात येतं ते.
"जहाज तर लोखंडाचं. त्याला तांबं कशाला?"
फिदाअलीनं बोटाला दोरा गुंडाळून दाखवला:
तोफेच्या एकेका गोळ्याला असा पट्टा,
पोराच्या कमरेला करदोडा असतो तसा.
शिवाय जहाजाच्या पोटात नळ्या.
कोसन् कोस.

रात्री जेवताना आबाजींनी हिशेब मांडला:
एक जहाज म्हणजे अख्खा लकडी पूल.
"आणि अशी आठ बांधताहेत."
काकू वाढता वाढता थांबली.
"बांधताहेत? कशाला, दावणीला?"
कुणी हसलं नाही.

त्या साली पत्रा पातळ आला.
आळीभर ठोके चालूच होते,
पण हातोडी जरा बिचकत पडायची,
झोपलेल्या माणसाला उठवावं तशी.
जोगदंड मास्तरांनी नवा बंब उचलून पाहिला.
"हलका लागतोय."
"पाणी लवकर तापेल," आबाजी म्हणाले,
आणि मान खाली घालून राख झटकत बसले.
खोटं नव्हतं ते.

मी अकरा वर्षांचा.
चिंचेनं घासून लख्ख केलेलं घंगाळ
हौदात सोडलं,
आणि त्यात चिंचोके भरत गेलो,
एकेक खलाशी.
किती भरले तरी बुडेना.
मग ओंजळीनं वाळू.

तेवढ्यात मागून हाक आली:
"अरे, ते विकलंय!
पोचा पडला तर पैसे कोण देणार?"