व्यवसायाचा रकाना

गुरुजी म्हणाले, इथं हाडं विरघळतात.
साडेतीन घटका, बस्स.
रामकुंडाच्या पायरीवर झेंडू, फुटकं मडकं, कुणाचा तरी चष्मा,
आणि लाल फडक्यात माझे वडील.
मी विचारलं नाही, विरघळून जातात कुठं.
माझ्या नोकरीत हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारतात.

समुद्राकाठी, चार फूट जाडीच्या पिवळट काचेआडून
मी यंत्राच्या हातांनी भांडी भरते.
अणुभट्टीत उरलेलं, बाँब घडवताना उरलेलं,
जे आता जळत नाही आणि विझतही नाही,
ते वितळत्या काचेत कालवायचं,
पोलादी डब्यात ओतायचं,
झाकण सांधायचं आणि डबा थंड हवेत उभा करायचा.
त्यातलं स्ट्रॉन्शियम हाडांना चुन्यासारखंच वाटतं.
हाडं त्याला आत घेतात, जावई आल्यासारखं.
ते साडेतीन घटकांत जात नाही.

वडील तांबट. साठ वर्षं आळीत ठोके.
घागर झाली की बोटाच्या पेरानं वाजवायचे,
डोळे मिटून ऐकायचे.
बोलली तर गिऱ्हाइकाला, मुकी निघाली तर पुन्हा भट्टीत.
माझं काम कळलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं,
"तुझं भांडं किती टिकायला हवं?"
म्हटलं, बरचसं निवायला तीनशे वर्षं.
तळाशी जे चिवट आहे, ते चोवीस हजारांत अर्धं.
"अर्धं?"
मग उरलेल्याचं अर्धं, आणखी चोवीस हजारांत.
ते हसतील असं वाटलं होतं.
"वाजवून बघतेस ना?"
जवळ जाता येत नाही, बाबा.
त्यांनी हातोडी उचलली, तशीच धरून ठेवली.
"मग ऐकतं कोण?"

काल पांडवलेणी चढून आले.
भिंतीवर कुणी कोरून ठेवलंय :
गोवर्धनच्या विणकरांकडं ठेव ठेवली,
व्याजातून भिक्षूंना वस्त्रं,
ठेव अक्षय.
विणकर गेले, नाणं गेलं, भिक्षू गेले,
मग अक्षरं वाचणारेही गेले,
आणि लोकांनी ठरवलं, हे पांडवांचं.
रखवालदार शेंगा सोलत सांगत होता,
भीमानं एका रात्रीत खोदलं, ताई.
दोन हजार वर्षं.
माझ्या भांड्याचा तेवढा सकाळचा चहा.

गुरुजींनी वही सोडली. लांबट, तेलकट, कडा उंदरांनी चाखलेल्या.
पानं मोडीत. मला येत नाही,
त्यांच्या मुलालाही नाही. तेच वाचतात, नाक कागदाला लावून :
"शके सतराशे त्र्याण्णव. राघो अंधारे, तांबट.
आईच्या अस्थी घेऊन आला. लिहिता येत नाही,
सबब निशाणी."
आणि तिथं एक हातोडी,
शाई जराशी पसरलेली, दांडा वाकडा.
ती मला वाचता आली.

"आता तुमचं. निवृत्ती गणू अंधारे यांची कन्या?"
यमुना.
"व्यवसाय?"
मी थांबले. काय सांगू?
राख सांभाळते, असं म्हणाले.
त्यांनी वर पाहिलं, काही विचारलं नाही,
मोत्यासारखं अक्षर काढलं आणि वही माझ्याकडं फिरवली.
सही.

मला लिहिता येतं. पण इतक्या दूर कुणाला वाचता येईल?
पेन टेकवलं, राघोसारखं काही काढावं म्हणून.
भांडं काढलं. पोट, काठ.
वर झाकण, पक्कं बसलेलं.
मग लक्षात आलं, आपल्याकडं
झाकण लावून जमिनीत पुरलेलं भांडं
पाहणाऱ्याला काय वाटतं.
पहाटे कुदळी घेऊन निघतील, नारळ, लिंबू घेऊन,
कान लावून वाजवतील,
आणि ते बोलेल.

झाकणावर एक रेघ मारली. फुली वाटली.
आणखी एक मारली. शुभचिन्ह वाटू लागलं.
"आटपा ताई," गुरुजी म्हणाले,
"मागं माणसं थांबलीत."