कलम सात

भाडं अकरा हजार, डिपॉझिट तीस,
आणि गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी.
करारात तसं टाईप केलेलं होतं, कलम सात,
खिळे न ठोकण्याच्या खाली, कुत्रं न पाळण्याच्या वर.

कुंड्या म्हणजे पेंटचे डबे,
कडी तुटलेली बादली,
तळ गेलेला एक कुकर.
आणि आधीच्या भाडेकरू निजसुरेबाईंचं अक्षर
कुल्फीच्या काड्यांवर, वानवडीच्या उन्हानं खाल्लेलं.
एका काडीवर 'अ' उरला होता,
एकीवर नुसता काना.

मी औषध कंपनीचा माणूस.
बॅगेत खोकल्याच्या तीन सिरपचे नमुने,
हडपसर ते कोंढवा, दिवसाला अकरा डॉक्टर,
"सर, नवीन फ्लेवर आलाय."
कोथिंबीर ओळखायचो,
जुडी बांधलेली असेल तर.

पहिली बेल वाजवली तळमजल्यावरच्या हडपांच्या सुनेनं.
"अडुळशाची दोन पानं नेते हं,"
चपला काढून सरळ गॅलरीत.
मी मागून बघत राहिलो
ती कुठल्या डब्याशी वाकते ते.
अशी मला 'अ'ची काडी वाचता आली.

मग इनामदारांचा मुलगा,
चहाचं आधण गॅसवर ठेवूनच आलेला.
गवती चहाच्या पातीनं त्याचं बोट चिरलं
तर मलाच म्हणाला, "ती बाजूची कोरफड."
बारावीतली ऋजुता ब्राह्मीची तीन पानं मोजून घ्यायची,
पेपरच्या आदल्या दिवशी सहा.
"आईला सांगू नका, काका."
झाडलोटीच्या रखमामावशी भज्यांसाठी पानओवा न्यायच्या,
पोटात दुखलं तरी हाच, असं वर सांगायच्या.
"भजी खाऊनच दुखतं म्हणा."
फरहानाआपा रमजानात रोज पुदिना न्यायची
आणि संध्याकाळी देठं आणून पुन्हा मातीत खोचायची.
घेतलं तेवढं लावायचं, इतकंच तिचं शास्त्र.

त्या तिमाहीत माझं टार्गेट बुडालं.
मॅनेजर म्हणाला, तुमच्या भागातला खोकला गेला कुठं?
मी गप्प.
नखांत ओव्याचा वास.

गुरुवारी पाणी बंद असतं,
म्हणून बुधवारी रात्री तीन बादल्या भरतो,
एक अंघोळीची,
दोन त्यांच्या.

फक्त त्या कुकरमधलं कुणी कधी मागितलं नाही.
बारीक पान, जांभळट देठ,
चुरडलं तर ओल्या पाटीसारखा वास.
आपा म्हणाली, औषधीच असणार.
हडपांच्या सुनेनं नुसती मान हलवली,
कुठल्या बाजूला ते कळलं नाही.
रखमामावशींनी चाखलं आणि खिडकीतून थुंकलं.
काडी होती त्यातही. कोरी.

शेवटी मालकांकडून नंबर घेऊन फोन लावला,
तळेगावला, लेकीकडे असतात त्या.
अडुळसा छाटला का, मरव्याला दुपारचं ऊन लागतं का,
सगळं विचारून झाल्यावर म्हणाल्या,
"आणि येतं का अजून कोणी?"
मी नावं सांगितली.
मग कुकरमधल्या झाडाचं विचारलं.
पलीकडे त्यांच्या लेकीच्या कुकरची शिट्टी झाली,
ती संपेपर्यंत दोघंही थांबलो.

"अहो, तण आहे ते.
मी नाही लावलं, आपणच आलं कुठूनसं.
काडी तेवढी खोचून ठेवली,
म्हटलं, कळेल कधीतरी नाव."

"उपटू?"

"आता घर तुमचं," त्या म्हणाल्या.

माझं कुठलं. अकरा महिन्यांचं,
जूनमध्ये संपणारं.
पण करार काढून पुन्हा वाचला,
कलम सातमध्ये तण वगळलेलं नाही.

आज गुरुवार.
बादलीच्या तळाशी तांब्याभर उरलं होतं,
ते कुकरला घातलं.