सात मिलिमीटर

शंभर सीसीची जुनी गाडी, टाकीवर गंजाचे नकाशे,
मागे वेताच्या दोन करंड्या,
करंड्यांत केळीच्या पानात बांधलेलं सोयाबीनचं टेंपे.
रुमियाती म्हणाली, "इंजिन मोठं करून दे."

"रेस लावायचीय?" मी हसून विचारलं.
त्या महिन्यात चार पोरं येऊन गेली होती,
चौघांनाही रेसच लावायची होती.

ती म्हणाली, "क्लेडुंगच्या घाटात शेवटचं वळण आहे ना,
तंबाखूच्या शेतांवरचं,
तिथं पहिल्या गिअरलाही हिला धाप लागते.
उतरून ढकलावं लागतं.
आणि नेमकं त्याच वळणावर दुकान आहे
माझ्या आधीच्या सासूचं."

मग मी पुढे काही विचारलं नाही.
पाना घेतला.

हेड उघडलं. आत काजळी, कढईच्या बुडासारखी.
जुना पिस्टन बाहेर आला, पन्नास मिलिमीटरचा,
एका अंगाने घासून चकचकीत,
बावीस वर्षं एकाच कुशीवर झोपल्यासारखा.
नवा सत्तावन्नचा.

सात मिलिमीटर म्हणजे किती?
तांदळाचा एक लांब दाणा.
पण त्या दाण्यासाठी सगळं इंजिन सोडवावं लागतं,
क्रँक बाहेर, आणि केसचं तोंड लेथवर रुंद.
जुमेनोकाकांनी ते केलं, चष्मा कपाळावर, जीभ दातांत,
बोट फिरवून बघितलं आणि म्हणाले,
"भिंत पातळ झालीय आता. ह्याच्यापुढे नाही.
पुन्हा आली तर तिला सांग, घाट कमी करून आण."

रिंगांच्या फटी एका ओळीत येऊ द्यायच्या नाहीत.
शेजारणींची दारं समोरासमोर नकोत,
नाहीतर आतली गोष्ट बाहेर फुटते
आणि दाब राहत नाही.
हे मला पाठ होतं.
पाठ नव्हतं ते एवढंच, की पिनेचं लॉक बसवताना
खाली फडकं कोंबायचं असतं.

टिंग.

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही, ते जास्त वाईट.
मी लोहचुंबक फिरवला, बॅटरी मारली,
केस उलटी करून हलवली, मनातल्या मनात पगार मोजला.
रुमियाती खोक्यावर बसून दाणे सोलत होती.
"शोध सावकाश. अकरा वर्षं ढकलतेय मी."
दीड तासाने ते सापडलं
तिच्याच चपलेच्या पट्ट्यात.

मग जॅकेट, हेड, आडव्या-तिडव्या क्रमाने नट,
चेनची खूण खुणेला, कार्बोरेटरचा जेट दोन नंबर मोठा.
तिसऱ्या किकला पकडली.
आवाज जाड झाला होता,
घसा फुटलेल्या पोराचा, स्वतःलाच दचकणारा.
रुमियातीने सीटवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मी म्हणालो, "ब्रेक तेच जुने आहेत.
चढाचं आम्ही बघितलं, उताराचं तुमचं तुम्ही बघा.
आणि पहिले पाचशे किलोमीटर हळू.
ओझं घेऊन चढावर ताणायची नाही. अजिबात."

"म्हणजे वळणावर?"

"वळणावर उतरायचं."

ती काही बोलली नाही. पैसे मोजून दिले,
सगळ्या नोटांना टेंप्याचा वास.

दोन आठवड्यांनी सुटे भाग पोचवायला वर गेलो.
सिंडोरोवर ढग बसलेला, रस्ता ओला.
शेवटच्या वळणावर ती उतरून ढकलत होती.
दुकानात स्टुलावर सुपिनाहबाई, हातात चहा,
माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गाडीला एवढे पैसे घातले म्हणे.
बघ. आहे तिथंच आहे."

रुमियातीने मान वर केली, मला ओळखलं.
हँडल न सोडता मीटरकडे हनुवटी वळवली,
मग एक हात मोकळा करून
ओठ घट्ट मिटून
दोन बोटं दाखवली.

दोनशे.