पायउतार

डांबर संपतं तिथे टायरमधली थोडी हवा सोडायची.
अंगठ्याने दाबून बघायचं,
पिकायला आलेल्या आलुबुखारइतकं मऊ.
मग खडी बोलायला लागते.

कोरडी असली की करकरते, दाढेखाली वाळू यावी तशी,
रात्री दव पडलं असलं तर नुसती कुजबुजते,
आणि वळणावर, जिथे ती सैल आहे,
काहीच न सांगता पुढचं चाक काढून घेते.
माझ्या डाव्या कोपरात अजून तीन बारीक खडे आहेत.
डॉक्टरीण म्हणाली, राहू देत, तुझी ओळख म्हणून.

द्रावा इथे एका पात्रात मावत नाही.
पलीकडचा काठ हंगेरीचा, अलीकडचा आमचा, क्रोएशियाचा,
पण एखाद्या वर्षी आमची बेटं
रात्रीतून पलीकडे जाऊन झोपतात
आणि नकाशा कचेरीत बसून राहतो.

वाळुंजांच्या राईत राखीव क्षेत्राचं फाटक.
फाटकाशी, घडीच्या खुर्चीवर, ब्लाझ हर्झेन्याक,
वय एकाहत्तर, हातात लाल फडकं,
बहुधा बायकोच्या जुन्या परकराचं.
"उतर," म्हणाला. "सायकल खांद्यावर. पाण्यातून जा."
मी म्हटलं, वाट तर समोर दिसतेय.
"वाट दिसतेय. अंडी दिसतायत का?"

मी पाहिलं. खडी होती.
करडी, पिवळट, ठिपक्याठिपक्यांची खडी.
त्याने बोट दाखवलं, बोटाच्या टोकापासून
मी नजर पुढे नेली, तरी खडीच.
मग चार हातांवरून एक चिखल्या
पंख मोडल्याचं सोंग घेऊन फरफटत निघाला,
डोळ्याभोवती पिवळं कडं, आणि नट इतका वाईट
की मला हसू फुटलं,
आणि हसता हसता दिसलं
की त्यातले चार खडे
खडे नव्हते.

एकतीस वर्षं ब्लाझ ड्रेजर चालवत होता. याच नदीत.
"हा रस्ता माझा," म्हणाला. "इथून पंपघरापर्यंत
माझ्या बादलीतून न गेलेला
एक गोटा दाखव."
मी विचारलं, तेव्हा अंडी नव्हती?

बराच वेळ तो फडकं झटकत राहिला.
"ड्रेजरचा आवाज फार असतो.
शिवाय वरून
सगळं सारखंच दिसतं."

मी बूट काढले.
जून महिना, पण पाणी आल्प्समधून आलेलं,
पोटऱ्यांना लागलं आणि जीभसुद्धा गार झाली.
सायकलची दांडी खांद्यावर, चेनचं वंगण कानाला,
आणि तळव्यांखाली एकेक गोटा,
ज्यांच्या भाऊबंदांवरून मी पाच वर्षं
ताशी अठ्ठावीसने गेले
आणि एकालाही भेटले नव्हते.

पुढच्या आठवड्यात वरच्या धरणाने पाणी सोडलं.
नदीने वाट दोन ठिकाणी परत नेली.
घरटं गेलं. ब्लाझची खुर्चीही गेली.
तेना, माझी सोबतीण, म्हणाली,
असेल हंगेरीत कुठेतरी, नदीकडे तोंड करून बसलेली.
आम्ही दोघी हसलो, मग उगीचच गप्प झालो
आणि डांबरावरून घरी आलो.

परवा एकटीच गेले.
फाटकाला नुसतं फडकं बांधलेलं.
ब्लाझ बराच पुढे, पुराने टाकलेल्या नव्या खडीवर,
गुडघ्यांवर,
पुढची वीतभर जागा आधी डोळ्यांनी, मग तळहाताने
चाचपत, मगच सरकत.
पूजेला बसलेला माणूस इतका हळू नसतो.
"पुन्हा घालतात," तो मागे न बघता म्हणाला,
"जुलै उजाडायच्या आत गेलं असेल तर."
"घातलीत का?"
"दिसली तर सांगतो. तिथेच थांब."

मी थांबले.
सायकल खाली ठेवायची होती, खांदा भरून आला होता.
खाली पाहिलं.
डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.
ठेवली नाही.