उरवाईचा उतार

सर्व्हिस सेंटरनं आकडा सांगितला: चार हजार दोनशे.
ह्यांनी एजी ऑफिसात चौतीस वर्षं ऑडिट केलेलं;
"मजुरी सतराशे? चार बोल्टांची?"

शिंदे की छावणीतून, सलामतभाईंकडून,
अकराशे ऐंशीचे पॅड आणले, पक्क्या बिलावर.
जॅक आपला, पाना शेजारच्या भदौरियांचा,
चाकामागे अडसर म्हणून माझा पाटा.

जुना पॅड तळहातावर धरून म्हणाले,
"पापडाएवढा उरलाय बघ. ह्यावर आपण दतियाला जाऊन आलो."
दतियाचा हट्ट माझा होता. मी पाटा धुवायला घेतला.

संध्याकाळी किल्ल्यावर, उरवाईचा उतार बघायला.
वर पोचल्यावर इंजिन चालू ठेवून,
समोर बघत,
"तू इथं उतर. पायी ये."

तीन हजार वीस रुपये वाचवलेला माणूस.
मी पट्टा लावला.

कातळातले तीर्थंकर हात सोडून उभे.
आम्ही दोघंही गप्प.
प्रत्येक वळणाला माझा उजवा पाय
जिथं ब्रेक नाही तिथं दाबत राहिला.

फाटकाशी गाडी थांबली, अगदी अलगद.
हे हसले, लगेच डायरी काढली.
माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता.
तो मी मांडू दिला नाही.