माडीवरची तालीम

जालन्यात, बियाण्यांच्या दुकानावरच्या माडीत
नऊ व्हायोलिन, एक चेलो,
पंखा बंद, कागद उडतात म्हणून.
दाऊद मास्तर म्हणाले, दोघांचा निरोप आहे हा.
तुम्ही रडू नका,
ते व्हायोलिनवाले बघतील.

दगडूनं क्लॅरिनेटची पत्ती जिभेवर धरली.
वीस वर्षं बँडमध्ये त्यानं
गावोगावच्या नवऱ्या वाटे लावल्या.
मागं राहणाऱ्याचं वाजवायची
सुपारी कुणी दिली नव्हती.

सुमेधाची बासरी उठली,
जिन्यापर्यंत गेली,
चप्पल सापडत नसल्यासारखी घुटमळली.
तो खालच्या सुरात
जा म्हणाला नाही, राहा म्हणाला नाही;
पाणी घेतलंस का,
एवढंच.

मग चार मात्रा कोऱ्या.
खाली कुणी मक्याचं पोतं आपटलं.
मास्तरांचा हात
वरच राहिला.